हिला जामीन कोण राहणार?

३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील तुरुंगांत १,७६४ मुले होती. त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता आणि कोणत्याही न्यायासनापुढे त्यांना उभे करण्यात आलेले नव्हते. त्यांच्या माता तुरुंगात होत्या. मूल अंगावर पिणारे म्हणून म्हणा, किंवा बाहेर त्याला सांभाळणारे कोणी नाही म्हणून म्हणा, तेही आत होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगविषयक अहवालात ही संख्या दिलेली आहे. १,५३७ मातांची ही मुले. परंतु त्याच तक्त्यात शेजारी आणखी एक संख्या आहे आणि आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म तीत आहे. या १,७६४ मुलांपैकी १,४७९ मुलांच्या माता कच्च्या कैदी होत्या. म्हणजे गजांआड वाढणाऱ्या दर सहा मुलांपैकी पाच मुले अशा स्त्रियांची होती, की ज्यांचा अपराध अद्याप शाबीत झालेला नव्हता.

एकंदर कैद्यांत स्त्रियांचे प्रमाण अल्प आहे. त्या दिवशीच्या ५,७३,२२० कैद्यांत स्त्रिया २३,७७२ होत्या. शेकडा चाराच्या आसपास. संख्या अल्प असली की प्रश्नही अल्प, असा हिशेब राज्यकारभारात चालतो. त्यामुळे तुरुंगसुधारणेची चर्चा निघाली म्हणजे ती गर्दीची, पहाऱ्याची आणि नामांकित गुन्हेगारांची निघते. बरॅकीच्या कोपऱ्यात मांडीवर मूल घेऊन बसलेली पंचविशीतली स्त्री त्या चर्चेत येत नाही. तिच्यामागे नवरा आहे की तो मेला, सोडून गेला, वा स्वतःच दुसऱ्या तुरुंगात आहे, हे विचारणारा रकाना उपरोक्त तक्त्यात नाही. सहा वर्षांवरील जी मुले बाहेर, शेजाऱ्यांच्या दयेवर वा सरकारी बालगृहात राहिली, त्यांचीही गणना त्यात नाही. आम्ही आज ज्या स्त्रीविषयी लिहीत आहो ती ही स्त्री: तरुण, एकाकी, लेकुरवाळी, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेली.

ती आत का आहे? तिचा गुन्हा भयंकर आहे म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. काही जणींच्या बाबतीत तो खरा असेलही. परंतु आपल्या कायद्याचे शब्द वाचले तर निराळेच दिसते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८० व्या कलमात, देहान्ताची वा जन्मठेपेची शिक्षा ज्याला सांगितली आहे अशा गुन्ह्यातदेखील आरोपी स्त्री असल्यास तिला जामिनावर सोडता येईल, असे परंतुक आहे. जुन्या संहितेच्या ४३७ व्या कलमातही ते होते. जामीनपात्र गुन्ह्यांविषयी तर ४७८ वे कलम याहून उदार आहे. अटकेपासून आठवड्याच्या आत ज्याला जामीन देता आला नाही तो निर्धन आहे असे समजण्यास तेवढे कारण पुरे मानावे, आणि त्याला केवळ जातमुचलक्यावर सोडावे, असे ते सांगते. कायदा इतका दयाळू असताना तुरुंग भरलेले का, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. ते न्यायालयाच्या व्हरांड्यात आहे. एक उदाहरण घेऊ. वाचकांना ते दूरचे वाटू नये म्हणून आपल्याच घरातले घेऊ. घरातला दागिना नाहीसा झाला आणि संशय भांडी घासणाऱ्या बाईवर गेला. ती मराठवाड्यातून वा विदर्भातून आलेली, नवऱ्याने टाकलेली, पदरी दोन वर्षांचे मूल. पोलिसांत फिर्याद होते, तिला अटक होते, दंडाधिकारी काही दिवसांनी जामीनही मंजूर करतात. हुकुमात लिहिलेले असते: पंधरा वा वीस हजारांचा मुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. येथपर्यंत न्याय झाला असे आपण समजतो. वास्तविक तिची शिक्षा येथून सुरू होते. जामीनदाराजवळ शिधापत्रिका हवी, राहत्या जागेचा पुरावा हवा, वेतनाची पावती वा तहसील कचेरीचा ऐपतीचा दाखला हवा. तो शक्यतो त्याच जिल्ह्यातला असावा. ज्या स्त्रीचे सारे गणगोत तिच्याप्रमाणेच झोपडीत राहते, किंवा बदनामीच्या भयाने जिची ओळखही सांगत नाही, तिने असा माणूस कोठून आणावा? जामीन मंजूर झाला तरी ती आतच राहते. पुढची तारीख पडते, त्यापुढची पडते. कित्येकदा गुन्हा शाबीत झाला असता जितकी कैद झाली असती तितकी तो शाबीत होण्यापूर्वीच भोगून होते.

हे आजचेच दुखणे आहे असे नव्हे. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात एका गरीब गवंड्याचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याचा भाऊ उभा राहिला असता, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून दंडाधिकाऱ्याने तो नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात या रीतीची कडक हजेरी घेतली, रक्कम हजारावर आणली आणि जामीन या शब्दात जातमुचलकाही येतो असे सांगितले. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची दैना उजेडात आली. त्याला आता साडेतीन तपांहून अधिक काळ लोटला. जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, जामीन मंजूर होऊन महिना उलटला तरी कैदी सुटला नसेल, तर न्यायालयाने आपण होऊन शर्ती सैल करण्याचा विचार करावा. जे १९७८ साली सांगितले तेच २०२३ साली सांगावे लागते, यावरून दोष कोठे मुरला आहे हे ओळखावे.

येथे एक विषम गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. आर्थिक गैरव्यवहारांविषयीच्या कडक कायद्यातही स्त्रियांच्या जामिनासंबंधी असेच परंतुक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणाच्या एका प्रमुख महिला राजकारण्यास सर्वोच्च न्यायालयाने त्याचा लाभ दिला. सुशिक्षित व प्रतिष्ठित स्त्री आहे म्हणून तिला तो नाकारता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. तो निर्णय योग्यच होता. परंतु प्रतिष्ठित स्त्रीला परंतुकाचा लाभ मिळण्यास पाच महिने लागले व त्यासाठी देशातील नामवंत वकील उभे राहिले, तर अप्रतिष्ठित स्त्रीला किती काळ लागत असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात या ठिकाणी एक शंका येईल आणि ती आम्ही टाळू इच्छीत नाही. मूल आहे म्हणून आईला सोडावे, तर मूल ही गुन्ह्याची ढाल होणार नाही काय? अमली पदार्थांची ने-आण करणाऱ्या टोळ्या लेकुरवाळ्या स्त्रियांना मुद्दाम हाताशी धरतात, हेही खोटे नाही. तथापि या शंकेत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. अपराध सिद्ध झाल्यावर शिक्षा किती असावी हा एक प्रश्न; तो सिद्ध होईपर्यंत आरोपीला कोठे ठेवावे हा दुसरा. कच्च्या कैद्याला आत ठेवण्याची कारणे ठरलेली आहेत: तो पळून जाईल, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांना धमकावील. कडेवर मूल असलेली, खिशात पैसा नसलेली बाई पळून कोठवर जाईल? ज्या टोळीने तिला वापरले तिचा म्होरक्या मात्र जामीनदार आणि वकील दोन्ही बाळगून असतो. दयेचा प्रश्न येथे उपस्थितच होत नाही. कायद्याने सांगितलेली कसोटी प्रामाणिकपणे लावली तरी यांतील बहुसंख्य स्त्रिया घरी असावयास हव्यात. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१० साली स्वीकारलेले, बँकॉक नियम या नावाने ओळखले जाणारे नियम हेच सांगतात: गर्भवती आणि लहान मुलांच्या मातांसाठी, शक्य असेल तेथे, तुरुंगाखेरीज अन्य उपाय आधी पाहावा.

महाराष्ट्राने तरी हा विषय परका मानू नये. पुण्यातील गोवंड्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेची हकीकत जोतिराव फुल्यांनी लिहून ठेवली आहे. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसविले, दिवस गेले, आणि लोकलज्जेच्या भयाने तिने जन्मलेल्या अर्भकाचा जीव घेतला. न्यायालयाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. शास्त्र्याचे काय झाले हे विचारण्याचे कायद्याला कारण पडले नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी त्यावर सभा भरवून ठराव केले नाहीत. १८६३ साली आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे अशा जाहिराती लावल्या. १८८४ पर्यंत पस्तीस स्त्रिया तेथे आल्याचे जोतिरावांनीच नमूद केले आहे. पुढे १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अशाच अपराधाबद्दल प्रथम फाशीची व अपिलात काळ्या पाण्याची शिक्षा झाली. वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीला नावे ठेवली, आणि त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाकी मातेला अपराधी ठरविताना तिचा साथीदार पुरुष दृष्टीआड का होतो, हा प्रश्न मराठीत इतका जुना आहे.

आणि तो अद्याप निकालात निघालेला नाही. इंग्लंडने १९२२ साली बालहत्येसाठी निराळा कायदा करून प्रसूतीनंतरच्या मनःस्थितीचा विचार शिक्षेत आणला. आपल्याकडे तशी निराळी तरतूद आजही नाही. मूल टाकून देणे हा भारतीय न्याय संहितेच्या ९३ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. उलट २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो की, न आवरणाऱ्या परिस्थितीमुळे आईबापांनी मूल सोडले असेल तर ते बुद्धिपुरस्सर सोडले असे मानू नये. त्याच कायद्याने बालकल्याण समितीपुढे मूल सुपूर्द करण्याची वाटही ठेवली आहे. परंतु ही वाट एखाद्या अविवाहित मुलीला बाळंतपणापूर्वी सांगणार कोण? रुग्णालयात ती एकटी आली की विचारपूस प्रथम होते ती नवऱ्याच्या नावाची.

काही समाजांत तर गुन्ह्याचीही गरज लागत नाही. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तथापि चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी जाण्याची पोलिसांची सवय त्या तारखेला रद्द झाली नाही. पुरुष पळतात, आणि सापडतात त्या बाया. सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात, विमुक्त जातींच्या लोकांना जन्मतः गुन्हेगार समजण्याची वृत्ती तुरुंगांच्या नियमपुस्तकांतही टिकून आहे, हे दाखवून ते नियम रद्द करावे लागले. १९५९ च्या आपल्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यात, उपजीविकेचे साधन दिसत नसताना फिरणे यालाही भीक मागणे म्हटले आहे. दिल्लीत त्यातील दंडविषयक तरतुदी उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरविल्या. तो ज्या राज्याचा मूळ कायदा, तेथे मात्र तो उभा आहे. दारिद्र्याला अपराध म्हणावयाचे आणि मग त्या अपराध्याजवळ ऐपतीचा दाखला मागावयाचा, यापेक्षा विसंगत काय असू शकेल?

आता त्या मुलांकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय प्रकरणात तुरुंगातील मुलांविषयी तपशीलवार आदेश दिले. मुलाला कैदी समजू नये; प्रसूती शक्यतो तुरुंगाबाहेर व्हावी; जन्मदाखल्यावर तुरुंगाचे नाव नसावे; मुलाच्या वयाप्रमाणे आहार, पाळणाघर व बालवाडी असावी; सहा वर्षांचे होईपर्यंत मूल आईजवळ राहावे. त्या निकालात उद्धृत केलेल्या एका पाहणीत म्हटले होते की, केवळ स्त्रियांतच वाढल्यामुळे मुलगेदेखील स्त्रीलिंगी क्रियापदे वापरू लागतात. मराठीत सांगायचे तर ते 'मी जातो' म्हणत नाहीत, 'मी जाते' म्हणतात. प्रस्तुत लेखकाने काही वर्षे शाळेत शिकविले आहे. पहिल्या दिवशी वर्गात येणारे मूल तोंडातून निघालेल्या एका शब्दावरून कसे हसण्याचा विषय होते, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही.

त्यानंतर येते सहावे वर्ष. ज्या वयात इतर मुले आईचे बोट धरून शाळेत जातात, त्या वयात या मुलाला आईपासून काढले जाते. आजी-मामा असले तर ते तिकडे जाते. एकाकी मातेच्या मुलाला ते बहुधा नसतात. मग बालकल्याण समिती, मग बालगृह; आणि त्याच गावात बालगृह नसले तर दुसऱ्या जिल्ह्यात. आई कच्ची कैदी असेल तर तिचा खटला उद्या संपेल की चार वर्षांनी, हे त्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. २००६ च्या आदेशांत शेवटाकडे एक वाक्य आहे, ज्याची आठवण क्वचितच काढली जाते: ज्या स्त्रियांची मुले त्यांच्यासमवेत तुरुंगात आहेत त्यांचे खटले न्यायालयांनी अग्रक्रमाने चालवून लवकर निकालात काढावेत. पाळणाघरे थोडीबहुत निघाली, खेळणी आली, भिंतींवर चित्रे रंगली. त्यांचे आम्ही स्वागतच करतो. या एका वाक्याची अंमलबजावणी झाली असती तर यांतील कित्येक पाळणाघरांची गरजच उरली नसती.

सुटकेनंतरची कथा थोडक्यात सांगता येईल, कारण ती सर्वत्र एकच आहे. खोली गेलेली असते, काम गेलेले असते, आणि जुनी मालकीण दार उघडत नाही. आरोपातून निर्दोष सुटली तरी वस्तीत ती 'जेलवाली' ठरते. राज्याच्या बालसंगोपन योजनेत, जिला आता सावित्रीबाईंचे नाव दिले आहे, मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि कैदेत असलेल्या पालकांच्या मुलांचाही तीत समावेश आहे. पण अर्ज करायचा तर रहिवासाचा दाखला आलाच.

मग करावयाचे काय? नवा कायदा नको. आहेत ते पुरेसे आहेत. केंद्र सरकारने २०२३ साली गरीब कैद्यांसाठी जी योजना काढली तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी, आरंभी चाळीस हजारांपर्यंत, रक्कम न्यायालयात भरण्याची सोय ठेवली होती. जामीन मंजूर झाल्यावर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावयाचे, अशी तीत रीत घालून दिली आहे. ही रीत पाळली जाते की नाही हे पाहणे काही कठीण नाही. आमची मागणी अशी की, महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्याच्या समितीने दर महिन्याला एक यादी प्रसिद्ध करावी: मुलांसह तुरुंगात असलेल्या माता किती, त्यांपैकी जामीन मंजूर होऊनही आत असलेल्या किती, आणि कितीजणींसाठी रक्कम भरली. नावे नकोत, संख्या पुरे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतील आरोपींना ही योजना लागू नाही. तेथे निदान उपाध्याय प्रकरणातील अग्रक्रमाचा आदेश तरी उच्च न्यायालयाने पाळून घ्यावा. प्रथमच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडण्यासाठी तुरुंगाधीक्षकाने आपण होऊन न्यायालयास अर्ज करावा, असे नव्या संहितेचे ४७९ वे कलम सांगते. जन्मठेपेच्या वा देहान्ताच्या आरोपाला ही सवलत नाही. उरलेल्यांत लेकुरवाळ्या स्त्रियांचे अर्ज सर्वांत आधी जावेत, याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

एवढे सरकारचे व न्यायालयांचे झाले. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून पोलिस ठाण्यांत, न्यायालयांत व तुरुंगांत जाऊन अशा स्त्रियांना वकील, निवारा व काम मिळवून देण्याची खटपट करीत आला आहे. पण जामीनदार ही वस्तू संस्थेला पुरविता येत नाही. आपण आणखी कितीजणांना जामीन राहिलो आहो हे प्रत्येक जामीनदाराला कायद्याने सांगावे लागते, आणि एकच माणूस दहाजणांना जामीन राहिला तर न्यायाधीशांना धंदेवाईक जामीनदाराचा संशय येतो. तेव्हा एका मोठ्या दात्याने हे काम भागणारे नाही. त्याला अनेक सामान्य माणसे हवीत, प्रत्येकाने एकीपुरते उभे राहणारी. शिधापत्रिका, वेतनाची पावती आणि स्वतःच्या नावाचे घर या तीन गोष्टी ज्या वर्गाजवळ हमखास आहेत तो वर्ग हे पत्र वाचतो. त्याने आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जाऊन, जामीनदाराअभावी अडकलेली आई कोण आहे, एवढे विचारावे. तारखेस ती हजर राहणार नाही आणि आपली रक्कम बुडेल, हे भय खरे आहे. त्यासाठी परिविक्षा अधिकाऱ्याने वा समाजकार्यकर्त्याने तारखेच्या आदल्या दिवशी तिच्या दारी जाऊन आठवण द्यावी, अशी व्यवस्था प्राधिकरणाने आपल्या अंगावर घ्यावी. त्यास लागणारा खर्च एका कैद्याला वर्षभर पोसण्याच्या खर्चाहून खचित कमी येईल.